झाकणावरची टेप

मी अमेरिकेला निघाले त्या सकाळी बॅगा दारात आणून ठेवल्या आणि तुळईवरची पाल चुकचुकली. आईनं लगेच चौकटीवर बोटानं तीनदा टकटक केलं, "कृष्ण कृष्ण" म्हटलं. मी हसले. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, पुढं एम.एस.ला चाललेली. "आई, पाल आहे ती. तिला काय कळतंय?" असं म्हणाले. माझा भाऊ संतोष डिकीत बॅगा लावत होता, त्याला आठवत असेल. गाडी सुरू झाली तरी आईचा हात चौकटीवरच होता.

आज इथं अमेरिकेत, कॅरी गावातल्या माझ्या घरात सहा पाली आहेत, आणि त्या मी हौसेनं पाळल्यात. गावाकडच्यांनी लगेच नाक मुरडू नये. बँडेड गेको म्हणतात यांना. अमेरिकेतल्या वाळवंटातली जात, बोटाएवढी, पिवळसर अंगावर तपकिरी पट्टे. आपल्या पालीसारखी ही भिंतीवर चढत नाही, तिच्या बोटांना तो चिकटपणाच नसतो. आणि हिला पापण्या असतात, झोपताना डोळे मिटून झोपते. पहिल्यांदा मी तेच बघत बसले होते. नोकरी लागून वर्ष झालं होतं, ऑफिस ते अपार्टमेंट ड्राइव्ह करायचं आणि घरी आल्यावर बोलायला कुणी नाही. अपार्टमेंटमध्ये कुत्रं अलाऊड नव्हतं. अशा पाली पाळणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून मी नर-मादीची जोडी आणली आणि त्यांच्याकडूनच सगळं शिकले. थंडीत दोन महिने त्यांच्या काचेच्या पेटीचं तापमान उतरवायचं, वसंतात जोडी एकत्र करायची. मग मादीच्या पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी दिसायला लागतात. शेंगदाण्याएवढी. ती काढून ओलसर भुशाच्या डबीत ठेवायची, डबी इन्क्युबेटरमध्ये. प्रत्येक अंड्यावर वरच्या बाजूला पेन्सिलीनं ठिपका काढायचा. का, तर अंडं फिरलं की आतला जीव गुदमरतो. ठिपका वरच राहिला पाहिजे.

वडील गेल्यावर वर्षभरानं आई सहा महिन्यांसाठी आली. पाली बघून म्हणाली, "रेश्मे, आपल्या घरात पाल दिसली की मी केरसुणी घेते, आणि तू तिला गादीवर झोपवतेस व्हय?" त्यांच्या खाण्यासाठी मी रातकिडे विकत आणते हे कळल्यावर तर ती पदर तोंडाला लावून हसली. पण आठवड्याभरात मी ऑफिसला गेले की तीच त्यांना पाणी शिंपडायला लागली. मादीला तिनं गंगू नाव ठेवलं. "हिला भिंतीवर चढता येईना, गरीब आहे," म्हणायची. व्हिडिओ कॉलवर संतोषला गंगू दाखवायची.

आई चौथी शिकलेली. पण अंड्यातलं तिला कळतं. वडील शाळेत शिपाई होते, आणि माझा एसटीचा पास निघायचा तो आईच्या गावठी कोंबड्यांच्या अंड्यांवर. खुडूक कोंबडी अंडी उबवायला बसवावी तर आईनंच. अंडं उन्हाला धरून आत जीव आहे की नाही सांगायची, कधी चुकली नाही. हे मी इथं मराठी मंडळात सगळ्यांना अभिमानानं सांगते. तेव्हाही सांगायचे.

आदल्या वर्षीची माझी सगळी अंडी बुरशी येऊन गेली होती. त्या वर्षी मात्र दोन खेपांची मिळून चार अंडी महिनाभर छान टिकली, फुगली. पंधरा-वीस दिवसांत पिल्लं येणार म्हणून मी ऑफिसमध्येसुद्धा सांगून ठेवलं होतं. एका शनिवारी इन्क्युबेटर उघडला तर चारही ठिपके गायब. एक अंडं उचललं. ठिपका खाली होता.

आई स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होती. विचारलं तर सहज म्हणाली, "मीच फिरवली. चार दिवस झाले, रोज फिरवते. कोंबडी चोचीनं फिरवते, तेव्हा ऊब सगळीकडं लागते. यांच्यावर आई कुठं बसलीय? मग फिरवणार कोण?"

मी ओरडले. "तुला ज्यातलं कळत नाही त्याला हात कशाला लावतेस? ही काय तुझी कोंबडी आहे?" अजून बरंच बोलले. मग तिच्यासमोर चारही अंडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. ती कोथिंबिरीच्या काड्या एका बाजूला करत राहिली.

महिन्याभरानं गंगूनं पुन्हा दोन अंडी घातली. त्या डबीच्या झाकणावर मी चारी बाजूंनी जाड टेप लावली. आईला वाचता येतं, चिठ्ठी लिहिता आली असती, तोंडानं सांगता आलं असतं. मी टेप लावली.

त्यानंतर आई प्रत्येक गोष्ट विचारायला लागली. "मिक्सर लावू का?" "फ्रिज उघडला तर चालेल का गं?" मी लॅपटॉपमधून मान वर न करता "हो" म्हणायचे. माझ्या आईनं माझ्या घरात पाणी पिण्याआधी विचारलं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पालींकडं ती परत गेली नाही. टेप लावलेली अंडीही पुढं बुरशी येऊन गेली, ते मी तिला सांगितलं नाही. पाच महिने होताच म्हणाली, संतोषच्या पोरांची आठवण येते, तिकीट अलीकडचं कर. मी केलं.

दोन वर्षांपूर्वी मी टाउनहाऊसमध्ये शिफ्ट झाले. सामान नेताना गाडीत डबी कलंडली, दोन अंडी गडगडून उलटी झाली. मेलीच म्हणून ती टाकायचाही कंटाळा केला, तशीच इन्क्युबेटरमध्ये ठेवली. तीन आठवड्यांनी बघते तर भुशावर पिल्लू. आगपेटीच्या काडीएवढं, पट्टे अगदी ठळक, मिटलेले डोळे उघडून माझ्याकडं बघणारं. दुसऱ्या दिवशी दुसरं.

मी त्या म्हाताऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, फिरलेली सगळीच मरतात असं नाही, कधी जगतातही. म्हणून टाकायची नसतात, वाट बघायची असते. मी फोन ठेवला आणि जिन्याच्या पायरीवर बसले. आईनं ती चार अंडी फिरवली हे खरं. ती जगली असती की नाही, मला माहीत नाही. पण मेली आहेत हे बघायला मी थांबले नाही. उन्हाला धरून बघ, असं आईला म्हटलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

पूर्वी आई फोनवर डोक्याला तेल लावलंस का, इतकं उशिरा का जेवतेस, असं टोकायची. मी वैतागायचे. आता कशाचंही विचारलं तरी म्हणते, "तुझं तुला जास्त कळतं बाई." शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. परत ये म्हटलं की गुडघे दुखतात म्हणते. संतोष म्हणतो, गुडघे बरे आहेत.

मंडळाच्या अंकासाठी "घर" या विषयावर लिहायला सांगितलं म्हणून हे लिहिलं. माझ्याकडं ग्रीन कार्ड आहे, टाउनहाऊस आहे, भिंतीवर डिग्रीची फ्रेम आहे. पण विचारल्याशिवाय इथल्या वस्तूंना हात लावणारं कुणी नाही. तसं एकच माणूस होतं, त्याला मी विचारायला शिकवलं.

संतोष, अंकातली बारीक अक्षरं आईला आता लागायची नाहीत, हे तिला वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस. आई, गंगूनं परवा दोन अंडी घातलीत. तुझ्यासाठी ठेवलेल्या खोलीतल्या इन्क्युबेटरमध्ये डबी आहे. झाकण नुसतं ठेवलंय, टेप लावलेली नाही.