विमा अर्जातला नववा प्रश्न

आरोग्य विम्याची माहितीपत्रकं मी पुस्तक वाचावं तशी वाचली. चार कंपन्यांची, जेवणाच्या टेबलावर पसरून. मुखपृष्ठांवर दात दाखवणारी कुटुंबं होती. आमच्या मोताळ्यात इतकी निरोगी माणसं मी एका जागी पाहिलेली नाहीत. मी मागची बारीक अक्षरं वाचली. खोलीभाड्याची मर्यादा किती, जुना आजार किती वर्षांनी पॉलिसीत येतो, बिलातला किती वाटा आपला. मी निवृत्त मुख्याध्यापक; लोकांच्या अर्जांतल्या चुका काढण्यात हयात गेलेली. निवडलेली पॉलिसी खरोखर चांगली होती. आजही तेच म्हणेन.

अडचण एजंटाची होती. तो आमच्या समाजातला. विमे उतरवायचा आणि सोयरिकीही जुळवायचा. एकाच पिशवीत कोरे अर्ज आणि मुलामुलींचे बायोडाटा. आमच्या मुलीला पाहण्याचा कार्यक्रम त्यानंच शेगावला ठरवला होता. आधी दर्शन, मग लॉजच्या हॉलमध्ये चहापोहे.

अर्जातला नववा प्रश्न होता: कुटुंबात कुणाला हृदयविकार आहे का?

बायकोच्या हृदयाची एक झडप लहानपणच्या तापानं आखडली होती. जिना चढताना ती मधेच बसायची. गोळ्या आम्ही बुलढाण्याहून आणायचो, मोताळ्यातून नाही. आईचं असं, तर पोरीचं कसं असेल, हे कुणी तोंडावर विचारत नाही. नुसता मुलाकडून निरोप येत नाही.

एजंट पेन उघडत होता. "द्या, मी भरतो," मी म्हटलं आणि 'नाही' लिहिलं. सुवाच्य. आजार लिहिला असता तर तीन वर्षांनी तोही पॉलिसीत आला असता. ते मी वाचलेलं होतं. बायको ओट्याजवळून पाहत होती.

मुलीचं लग्न झालं. पॉलिसीच्या चौथ्या वर्षी बायकोची झडप बदलायची वेळ आली. अकोल्याच्या डॉक्टरांना बायकोनं जुनी फाईल दिली आणि सगळं खरं सांगितलं. कंपनीचं पत्र आलं: आजार लपवला, दावा नामंजूर.

एजंट घरी आला. पत्र वाचून म्हणाला, "मले माहीत होतं, सर. बुलढाण्याचा तो मेडिकलवाला माह्या साडू आहे."

"आणि मुलाकडच्यांना?"

"त्याइले म्याच सांगतलं होतं. ते म्हने, पोरगी धडधाकट आहे, मायचं काय घेऊन बसले."

आतल्या पलंगावरून बायकोनं विचारलं, "मंग त्या दिवशी बोलले काऊन नाही, भाऊ?"

"वैनी, सर सोता लिहून राह्यले होते. एवढा शिकेल माणूस. म्या कसं टोकावं?"

ती हसली. हसताना दम लागला, म्हणून थांबली.

सरकारी योजनेतून ऑपरेशनला अडीच महिन्यांनंतरची तारीख मिळाली. आदल्या दिवशी दवाखान्यातून फोन आला: पेशंटला उपाशीपोटी आणा, जुनी फाईल विसरू नका. फाईल टेबलावरच होती. बायकोला जाऊन नऊ दिवस झाले होते.