गोळी हरणापाशी थांबत नाही

गेल्या हिवाळ्यात तामसीच्या बसथांब्यावर एका माणसानं मला विचारलं, हरणाला जवळून मारायचं तर बंदुकीचा बोर, म्हणजे नळीचं माप, कुठला बरा? बारा, की तीनशे पंधराची रायफल? माणूस वजनदार. त्याच्या शब्दाला आमच्या भागात सहसा कोणी आडवं जात नाही. हरीण मारणं गुन्हा आहे हे त्याला माहीत होतं आणि मलाही. त्याला वाटलं, हा फौजी गडी, हत्याराचं विचारलं की खूश होईल. एके काळी झालो असतो. म्हणून आधी तो काळ सांगतो.

पंचवीसेक वर्षांपूर्वी आमची पलटण ईशान्येच्या जंगलात होती. आमच्या पोस्टवर एकच प्लाटून. मी नाईक होतो, प्लाटूनला हत्यारं शिकवायचो. सकाळी सहाला गस्तीचं पेट्रोल निघायचं, दहाला माझा वेपन क्लास. क्लासमध्ये एक गोष्ट मी जवानांकडून रोज घोकून घ्यायचो. ७.६२ची गोळी जवळून झाडाच्या बुंध्यातून आरपार जाते, तेव्हा झाडामागे लपलो म्हणजे वाचलो असं समजू नका.

लान्स नाईक गंगाधर तलमडुगूचा. पलटणीत आमची बोली बोलणारे आम्ही दोघंच. वयानं माझ्याहून लहान, पण अक्कल शिकवायला पुढे. लंगरची, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातली, डाळ खाऊन कंटाळला की त्याला गावाकडचा हाका आठवायचा. आमच्या बापांच्या काळात तिघाचौघांनी डबे वाजवत हरीण उठवायचं आणि समोर एकानं भरमार घेऊन बसायचं, अशी रीत होती. भरमार म्हणजे नळीत दारू आणि छर्रे ठासून उडवायची बंदूक. तिचे छर्रे हरणातच राहायचे. मागून येणाऱ्या हाकेवाल्याला कधी ओरखडा उठला नाही.

बडाखाना, म्हणजे पलटणीची मोठी मेजवानी, जवळ आला होता. पोस्टसमोरच्या नाल्यात रोज सकाळी एक सांबर पाण्यावर यायचं. परवानगी कोणी दिली नव्हती आणि आम्ही मागितलीही नव्हती. आमचा वाद फक्त हत्याराचा. गंगाधर म्हणाला, इन्सास रायफल घे, ५.५६ची. मी म्हटलं, गोळी हलकी आहे, जनावर जखमी होऊन पळेल. पोस्टवर एक जुनी एसएलआर रायफल होती, ७.६२ची. तिनं जागच्या जागी पडेल, असं मी छातीठोकपणे सांगितलं.

"तूच मास्तर बाबा," तो म्हणाला. "म्या हाका घालतो."

०६१० ला मी नाल्याच्या अलीकडे बसलो. लंगरचा रिकामा डबा घेऊन तो वळसा मारून पलीकडे गेला. ०६२५ ला डबा वाजायला लागला. सांबर माझ्यापासून तीस पावलांवर येऊन थांबलं. मी एक राउंड फायर केला. सांबर जागच्या जागी पडलं. हत्याराची माझी निवड बरोबर निघाली. डबा वाजायचा थांबला होता.

मी पळत पलीकडे गेलो. माझ्या खांद्यावरच्या रेडिओवर पोस्टचा आवाज आला.

"फायर किसने किया? ओव्हर."

"मैंने. एक राउंड. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"दुश्मन?"

"नहीं. अपना गंगाधर."

गोळी सांबरातून निघून त्याच्या छातीत शिरली होती. ०६५० ला तो गेला. रोज दहा वाजता शिकवायचो ते मी विसरलो नव्हतो. पण त्या सकाळी माझ्या हातात एसएलआर होती आणि डोक्यात बापाची भरमार.

चौकशीत साहेबांनी मला वाट काढून दिली. पेट्रोलवर चुकून गोळी सुटली असं लिही, म्हणाले. मी घडलं तेच लिहिलं. बाहीवरच्या नाईकच्या फिती गेल्या, कैद भोगली, उरलेली नोकरी सिपाही म्हणून केली. लोक मला हवालदार म्हणतात आणि मी दरवेळी दुरुस्त करतो. गंगाधरच्या घरी मात्र 'अपघाती गोळी' एवढाच कागद गेला. त्याच्या आईनं मला विचारलं, माझं लेकरू कसं गेलं? मी खाली बघत राहिलो. साहेबांपुढे ताठ उभा राहिलेला मी त्या माउलीपुढे भ्यालो, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

आता बसथांबा. मी त्या माणसाला सांगितलं, बारा असो की तीनशे पंधरा, हरणामागं कोण उभं आहे ते बोराला कळत नाही. तो हसला. रविवारी हाका ठरला आहे म्हणाला, तलमडुगूचा विठ्ठल माणसं आणतो आहे. विठ्ठल म्हणजे गंगाधरचा धाकटा भाऊ. मी म्हटलं, मग मी वनखात्याला कळवतो.

"जंगलाच्या काठानं राहाचं हाय ना, हवालदार?"

"सिपाही," मी म्हटलं. "अन् राहूनच राह्यलो."

त्याच दिवशी मी वनखात्याच्या रेंज ऑफिसात लेखी अर्ज दिला. तिथल्या कारकुनानं काळजीनं सुचवलं, नाव नका टाकू. मी नाव टाकलं, गाव टाकलं, खाली माझा फौजी नंबरही टाकला. तिथून बसनं तलमडुगू गाठलं.

विठ्ठल शेतात कापूस वेचत होता.

"इठ्ठल, रविवारी जाऊ नको."

"काऊन?"

"गंगाधर हाका घालतानीच गेला. गोळी माही होती."

कमरेच्या ओटीत कापूस तसाच घेऊन तो उभा राहिला. 

"माह्या मायनं तुमाले इचारलं व्हतं. तवा काऊन नाई सांगतलं?"

मी म्हटलं, भेलो. 

"आता माह्या घरी येऊ नका," तो म्हणाला आणि पुन्हा वेचायला वाकला.

रविवारी तो गेला नाही. त्याची माणसंही गेली नाहीत, आणि हाका मोडला. तो वजनदार माणूस आता मला पाहून तोंड फिरवतो. खुशाल फिरवावं.

सव्वीस जानेवारीला आम्ही माजी सैनिक तलमडुगूत जमून गेलेल्यांची नावं वाचतो. लढाईत गेला नाही म्हणून गंगाधरचं नाव यादीत नाही. यंदा यादी संपली तसा मी उठलो. दोघांनी खाली बसायची खूण केली. मी बसलो नाही.

"लान्स नाईक गंगाधर, तलमडुगू. माझ्या गोळीनं गेला."

विठ्ठल लोकांच्या मागे उभा होता. माझ्याशी तो अजून बोलत नाही. भावाचं नाव ऐकून त्यानं डोक्यावरची टोपी काढली.