लिहायची परवानगी

आमच्या सूतगिरणीच्या हेडऑफिसातल्या मशीनवाल्या चाचांइतका कुलपांचा वैरी अख्ख्या कोल्हापुरात दुसरा झाला नसेल. घराची कडी गंजून गेलेली, कपाटाची किल्ली कपाटालाच लटकलेली, आणि जेवणाचा डबा दहालाच उघडा, त्यामुळे त्यातला खिमा चाचा सोडून सगळ्यांच्या वाट्याला येई. त्यांची बिनकुलपाची सायकल एकदा नाहीशी झाली आणि चार दिवसांनी गुलालाने माखून, हँडलला नारळ बांधून जागेवर परत आली. कोणीतरी जोतिबाला जाऊन आलं होतं. "बघा बाई," चाचा मला म्हणाले, "कुलूप असतं तर परसाद मिळाला असता व्हय?"

अशा माणसाच्या ताब्यात गिरणीने कॉम्प्युटर दिला. एक मोठं मशीन आणि आमच्या टेबलांवर त्याचे चार पडदे. बसवून देणाऱ्या इंजिनिअरने बजावलं होतं, की प्रत्येक फाइलीला वाचायची, लिहायची आणि चालवायची अशा तीन परवानग्या असतात. चाचणीपुरत्या त्या सगळ्यांना दिल्या आहेत, आठवड्याभरात काढून घ्या. चाचांनी मान डोलावली आणि त्याची पाठ वळताच म्हणाले, "दिल्याली परवानगी काढायची? पावण्याच्या ताटातली भाकरी उचलायची का काय!" दोन वर्षं ताटं भरलेलीच राहिली.

मग एका एप्रिलात साहेबांनी निवृत्तीची यादी मागवली. यादी कोरी निघाली. मशीनच्या मते गिरणीत कोणी म्हातारंच नव्हतं! लोकांनी जाता-येता आपापल्या जन्मतारखा सुधारून घेतल्या होत्या. हेडक्लार्क पस्तिशीत आले होते, वॉचमन स्वतःच्या थोरल्या मुलाहून दोन वर्षांनी धाकटा झाला होता, आणि आवक-जावकवाल्या काकांचं घाईत बोट चुकल्यामुळे ते नऊ वर्षांचे होते. "गिरणी हाय का बालवाडी?" साहेब ओरडले.

आमची हसून पोटं दुखली. साहेब मात्र हसले नाहीत, कारण चाचा त्याच मे महिन्यात निवृत्त व्हायचे होते आणि मशीनमधल्या कर्मचाऱ्यांच्या यादीत तेही पाच वर्षांनी लहान झाले होते. "मशीन तुमच्या ताब्यात. तुमची तारीख कुणी बदलली ते सांगा, न्हायतर निरोपसमारंभाच्या जागी चौकशी होईल."

चाचांनी जुनी सर्व्हिस बुकं काढली. आधी स्वतःची तारीख खरी केली, मग टेबलाटेबलाशी जाऊन "माफी करा, तुम्हाला परत सत्तावन्नचं करतोय," म्हणत एकेकाला म्हातारं केलं. आठव्या दिवशी साहेबांनी पुन्हा विचारलं. मी खुर्चीतून उठले, तर चाचांनी नजरेनेच मला बसवलं. "दार मी उघडं ठेवलं, साहेब. आत कोण आलं ते कशाला विचारू? चूक माझी हाय." तीस वर्षांच्या कोऱ्या सर्व्हिस बुकात शेवटच्या महिन्यात एक लेखी ताकीद लागली.

माझ्या तारखेला मी हात लावला नव्हता, मला वयाचं कौतुक नाही. चाचांची तारीख मात्र मीच बदलली होती. ते गेल्यावर मशीन अडलं तर बोलवायचं कोणाला, एवढाच सरळ विचार होता. निदान मी तेव्हा तसं म्हणत होते.

जिन्यात मी त्यांना गाठलं. "चाचा, ती तारीख..."

"सायकल कुणी नेली, ते मी विचारलं का? नारळ तेवढा खाल्ला की, बाई."

शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्या परवानग्या बंद केल्या, लेकीची पाठवणी करावी तशा एकेक करून. आता ती कर्मचाऱ्यांची यादी वाचता सगळ्यांना येते; लिहायची मुभा फक्त मला. निवृत्तांची नावं दर जूनला काढून टाकायची, हा नियमही माझाच. एक नाव अजून राहिलंय. तारीख खरीच आहे.