पुस्तकात नसलेलं घोंगडं

बिरप्पाची आणि माझी पहिली भेट झाली त्या दिवशी सोलापुरात भूकंप झाला. सरकारी दप्तरात त्याची नोंद नाही, पण आमच्या वाचनालयात त्या वेळी हजर असलेली सगळी माणसं साक्षीला आहेत. सन तेहतीसचा एप्रिल, दुपारचे तीन. भवानी पेठेत एका तेलाच्या दुकानावर आमच्या वाचनालयाच्या दोन खोल्या. आम्ही पाच-सहा जण वर्तमानपत्रं तोंडावर पांघरून ज्ञान मिळवत होतो. एवढ्यात जिन्याच्या तळाशी आभाळ फाटलं. दोन वर्षं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ टिकटिकायला लागलं. आमचे अध्यक्ष वेणीमाधवराव, निवृत्त मामलेदार, सन सव्वीसपासून एकाच अग्रलेखावर झोपले होते. ते दचकून उठले आणि कोणत्या गावचा दंगा आहे म्हणून विचारू लागले. आणि ‘शांतता राखावी’ ही पाटी खिळ्यावरून सुटून माझ्या पायावर पडली.

प्रश्न तसा साधा होता. “पुस्तकाचं घर हितंच हाय का?”

आवाजाच्या मागून सावकाश त्याचा मालक वर आला. चाळिशीचा, काटकुळा, लाल पटका, खांद्यावर काळं घोंगडं आणि चेहऱ्यावर असा संकोच, की हा आवाज दुसऱ्याच कुणाचा असावा. सांगोल्याकडचा धनगर. लहानपणापासून दोन ओढ्यांपलीकडच्या मेंढरांना हाका मारण्यात गळा तयार झालेला. भावाभावांत मेंढरांची वाटणी झाली तेव्हा याच्या वाट्याला चार शेळ्या आणि हा आवाज आला. शेळ्या गेल्या, आवाज राहिला. शिपायाची जागा रिकामी आहे असं ऐकून तो आला होता. शांतता हा ज्या संस्थेचा पहिला नियम, तिनं त्याला जागच्या जागी नेमून टाकलं, कारण त्याला नाही म्हणण्याइतका धीर आमच्यापैकी कुणातच नव्हता.

मी वाचनालयाचा चिटणीस, पेशानं शाळामास्तर. बिरप्पाचं मुख्य काम पेठेतल्या घरोघरी पुस्तकं पोचवण्याचं. बायका वाचत खूप, पण तेलाच्या दुकानावरून जिना चढून पुरुषांच्या मेळाव्यात येणं त्यांना रुचत नसे. म्हणून बिरप्पा पुस्तकं घोंगड्यात बांधून नेई आणि आधीची वाचलेली परत आणी. त्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं. पण एका पुस्तकावर वाचकाचं काय मत पडलं, हे तो शब्दाला शब्द लक्षात ठेवी आणि पुढच्या घरी सांगे. आमच्याकडे अभिप्रायाची वहीही होती. तिच्यात पुरुष मंडळी पुस्तक न वाचता ‘सामान्य’ असं लिहून सही करीत. खरे अभिप्राय बिरप्पाच्या डोक्यात असत.

चौतीस साली पुण्याहून ‘टपालगल्ली’ नावाची कादंबरी आली. एका तालुक्याच्या गावात पोस्टातला कारकून, तिथं बदलून आलेली शाळेतली बाई, दोघांची चुकामूक, गैरसमज, छत्र्यांची अदलाबदल आणि दोनशे बाराव्या पानावर लग्न. लेखकाचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, पण पुस्तकावर पेठेत जेवढी चर्चा झाली तेवढी नगरपालिकेच्या निवडणुकीवरही झाली नसेल.

वकिलांच्या अनसूयाबाईंनी ते एका बैठकीत वाचलं. पिठलं करपलं तरी उठल्या नाहीत. त्यांचा अभिप्राय असा, की कादंबरी अगदीच पांचट आहे, आणि तिचा दुसरा भाग निघाला आहे का. डॉक्टरांच्या मातोश्री म्हाळसाबाई सत्तरीच्या. दोऱ्यानं बांधलेला चष्मा लावून त्या पोथीच्या आड कादंबऱ्या वाचत. त्यांनी कळवलं, मुलगी गुणाची आहे, पण चहा फार पिते. आमच्या घरी गोदावरीनं, म्हणजे माझ्या कुटुंबानं, लेखकाच्या चुका काढल्या. नायिका आमटीत गूळ घातल्यावर फोडणी देते, यावरून लेखकानं जन्मात कधी चुलीजवळ पाय ठेवला नसल्याचं तिनं सिद्ध केलं. हे सगळे अभिप्राय बिरप्पा इकडून तिकडे नेत होता. तो दारात उभा राहून अनसूयाबाईंचं मत म्हाळसाबाईंना सांगे, तेव्हा ते मधल्या सतरा घरांना फुकट मिळे. न वाचणाऱ्या बायकासुद्धा नायकावर चिडून होत्या.

इथवर ठीक होतं. पण दिवाळीनंतर एक नवीच भानगड उपटली. अनसूयाबाईंनी वाचलेलं पुस्तक पुन्हा मागून नेलं. चार दिवसांनी म्हाळसाबाईंनी मागून नेलं. आणि एका संध्याकाळी गोदावरीनं मला पाटावर बसू न देता विचारलं, की कादंबरीतला घोंगड्याचा भाग तुम्ही कापलात की वेणीमाधवरावांनी.

कसला घोंगड्याचा भाग, मला काहीच कळेना. तेव्हा तिनं सांगितलं. नायक दर मंगळवारी बाजारात एका घोंगडीवालीकडं जातो. त्याचं घोंगडं फाटलेलं असतं. ती ते सांधून देते. पुढल्या मंगळवारी पुन्हा नवं भोक. ते भोक तो स्वतःच घरी कात्रीनं पाडत असतो, कारण दुसरं निमित्त त्याला सुचत नाही. सगळ्या पुस्तकात एवढाच प्रसंग काय तो जिवंत, आणि नेमका तोच आमच्या प्रतीत नाही.

हा प्रसंग तिला बिरप्पानं सांगितला होता. तिघींनाही त्यानंच सांगितला होता, आणि पुढं विचारलं होतं, की बाई, आता त्या गड्यानं काय करावं. पोस्टातला कारकून घोंगडं कशाला वापरील, अशी शंका अनसूयाबाईंनी काढली होती, पण पोस्टात गारठा असतो असं म्हणून म्हाळसाबाईंनी ती निकालात काढली. त्यांचं मत स्पष्ट होतं: दर आठवड्याला कात्री चालवण्यापेक्षा मेल्यानं एकदा जीभ चालवावी. अनसूयाबाईंना वाटत होतं, त्यानं चिठ्ठी लिहावी. गोदावरीचं म्हणणं निराळं. ती म्हणाली, “उंदरानं कुरतडलेलं आणि कात्रीनं कापलेलं, यातला फरक शिवणाऱ्या बाईला कळत नाही होय? तिला पहिल्याच दिवशी कळलंय. कळूनच ती शिवतेय.”

हा अभिप्राय घेऊन बिरप्पा आमच्या दारातून निघाला, तो पुढच्या घरी पुस्तक द्यायचं विसरला, असं मागाहून कळलं.

इकडे वकिलांनी पत्नीच्या वतीनं वाचनालयाला रीतसर पत्र धाडलं, की सार्वजनिक ग्रंथातली पानं फाडणं हा गुन्हा आहे. वेणीमाधवरावांनी सभा बोलावली. ‘टपालगल्ली’ टेबलावर ठेवून आम्ही पानं तपासली. एकापासून दोनशे बारापर्यंत सगळी जागच्या जागी. चहाचा डाग तेवढा नवा होता, आणि तो माझा होता. मग बिरप्पाला पुढं उभं केलं. अध्यक्षांनी मामलेदारी आवाजात विचारलं, घोंगड्याचा प्रसंग कोणत्या पानावर आहे.

“पुस्तकात न्हाय?” बिरप्पा म्हणाला. “मग छापायचा ऱ्हायला आसंल.”

तेवढ्यात माझी नजर त्याच्या घोंगड्यावर गेली. सहा महिन्यांपूर्वी त्यानं ते नवंकोरं घेतलं होतं. आता त्याला जागोजाग सांधे दिलेले होते, इतके सुबक, की ओळीनं काढलेली नक्षीच वाटावी. आणि एका कोपऱ्यात एक ताजं भोक, चांगलं वाटोळं. असल्याच एका भोकातून दोन पुस्तकं रस्त्यात पडली म्हणून मी उंदरांना दोष देऊन आदल्याच महिन्यात कपाटामागं सापळा लावला होता. सापळ्यात आजवर फक्त वेणीमाधवरावांचा जोडा सापडला होता.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून तो सांगू लागला, आणि खाली तेलाच्या दुकानात गिऱ्हाइकं माप थांबवून ऐकू लागली. तिचं नाव मायाक्का. मंगळवारच्या बाजारात घोंगडी विकायला बसे, फाटकी सांधूनही देई. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. यालाही घरी कुणी नव्हतं. त्यांच्यात पाट लावायला, म्हणजे विधवेनं पुन्हा लग्न करायला, आडकाठी नव्हती. तीही याच्याच मुलखातली. सगळं जमण्यासारखं होतं. फक्त विचारायचं राहिलं होतं.

“मग विचारत का नाहीस?” मी म्हणालो.

“मला हळू बोलायला येत न्हाय, मास्तर,” बिरप्पा म्हणाला. “आन ही गोस्ट वरडून कशी सांगायची?”

तो तिच्यासमोर आजवर एक शब्दही बोलला नव्हता. घोंगडं पुढं करी, भोकावर बोट ठेवी, तिचं शिवून होईपर्यंत समोर बसे आणि उठून येई. पाच महिने हेच. आणि दिवाळीत बाजारात कानावर आल्यापासून त्याला एक नवी धास्ती लागली होती: माघ उजाडला की मायाक्काचा भाऊ तिला कायमची गावी न्यायला येणार होता. म्हणून तर बायकांना विचारत होता. स्वतःचं म्हणून कसं विचारणार? पुस्तकातल्या माणसाचं म्हणून विचारलं की त्या मनापासून सांगत.

सभेचा निर्णय मला आधीच ठाऊक होता. कादंबरीत परवानगीवाचून मजकूर घातल्याबद्दल वेणीमाधवराव त्याला काढून टाकायला निघाले होते. पण ही हकीकत मी घरी सांगितली, गोदावरीनं ती शेजारी नेली, आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही घरांतून निरोप आले. बिरप्पाला काढलंत तर आमची वर्गणी बंद. आणि बिरप्पाला असं, की येत्या मंगळवारी विचारलं नाहीस तर एकाही घरी पुस्तक घेणार नाही. हे निरोप आणले अर्थात बिरप्पानंच. स्वतःवरचे अभिप्राय त्यानं शब्दाला शब्द सांगितले. म्हाळसाबाईंनी दिलेल्या शिव्यासुद्धा गाळल्या नाहीत.

मंगळवारी गोदावरीनं मला कांदे आणायला पाठवलं. घरात दीड मण कांदे होते. मी मुकाट्यानं गेलो आणि कुंभाराच्या माठांच्या राशीआड उभा राहिलो.

मायाक्का पस्तिशीची असेल. ताठ बसलेली, कपाळ उघडं, हातात दाभण. बिरप्पा आला, समोर बसला, घोंगडं पुढं केलं, भोकावर बोट ठेवलं. ती शिवू लागली. तिचा टाका संपत आला, आणि याचं तोंड दोनदा उघडून दोनदा मिटलं. तिनं दोरा तोडायला दातांत धरला, तेव्हा यानं डोळे घट्ट मिटून घेतले.

“मायाक्का, म्या तुज्यासंगं पाट लावीन म्हनतो.”

माझ्यापुढचे माठ एकाला एक लागून वाजले. धान्याच्या पट्टीत ज्वारीच्या तागड्या जागच्या जागी थांबल्या. पलीकडं एक म्हैस बसलेली उठून उभी राहिली. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी विचारलं, कुणासंगं, आणि चौघांनी एकदम त्याला सांगितलं.

मायाक्कानं मान वर केली नाही. दोरा तोडला, दाभण बाजूला ठेवली.

“पावणं, कात्री आनलीया का?”

“व्हय,” बिरप्पानं बंडीतून कात्री काढली.

“आना हिकडं.” तिनं ती घेऊन आपल्या पिशवीत टाकली आणि पिशवीचा बंद आवळला. “पाच म्हैनं झालं. मला वाटलं तुमी मुकं हायसा.”

मग ती पहिल्यांदा हसली. बिरप्पा काही बोलणार होता, पण तिनं हात वर केला आणि म्हणाली, “आता बास. भाऊ आला की त्याच्याशी बोला. तोवर गप ऱ्हावा.”

माघात भाऊ आला, तो बहिणीला नेण्याऐवजी पाट लावून गेला. म्हाळसाबाईंनी खण-नारळ पाठवला, अनसूयाबाईंनी पातळ, वेणीमाधवरावांनी संस्थेच्या वतीनं ‘टपालगल्ली’ची तीच प्रत, चहाच्या डागासकट. दोघांपैकी कुणालाच वाचता येत नसल्यानं ती दुसऱ्या दिवशी परत कपाटात आली.

बायकांनी पुढं काय होतं म्हणून बिरप्पाला खूप छळलं. तो सांगे, काही नाही, कामावर येतो, भाकरी खातो, झोपतो. महिनाभर असं ऐकल्यावर अनसूयाबाईंनी अभिप्राय कळवला, की लग्नानंतरचा भाग फारच रटाळ झाला आहे, आणि दुसरी एखादी कादंबरी पाठवावी.

यंदाच्या पावसाळ्यात त्या घोंगड्याला खरोखरच उंदरानं भोक पाडलं. मायाक्काला बाजाराच्या कामातून सवड नाही. ते तसंच आहे.