साडूंचा देव आणि नागपूरच्या गोळ्या

आमच्या साडूंइतकी देवाची ऊठबस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात कोणी केली नसेल, आणि त्या ऊठबशीपायी माझ्याइतकं कोणी दमलंही नसेल. महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. लोक देवाला भेटायला शेगावला जात. साडूंकडे तो स्वतः उंद्रीला यायचा, तोही न कळवता. कधी न्हाव्यासमोर अर्धी दाढी झालेली असताना, कधी भर पंगतीत. तो आला की साडू सदऱ्याची वरची गुंडी लावायचे, हसायचे आणि धाडकन पडायचे. गाव याला फेफरं म्हणायचं. नाकाशी धरायला म्हणून मी खिशात कांदा घेऊन हिंडायचो. माझ्या सगळ्या सदऱ्यांना तो वास कायमचा लागला.

एकदा चिखलीच्या यष्टीत देव आला आणि साडूंनी शेजारच्या माणसाला उठवलं. "सरका हो, त्याहिले बसू द्या."

कंडक्टरही इकडचाच. "बसू द्या ना, पन त्याहिचं तिकीट कोन काढीन?"

साडूंनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि ते पडले. तिकीट मी काढलं. वाद घालण्याचं त्राण उरलं नव्हतं.

मग एक दिवस ते चुलीपाशी पडले आणि हात कोपरापर्यंत भाजला. त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी, पदर तोंडाला लावून म्हणाली, "भाऊजी, उद्या हिरीपाशी देव आला तं मी काय करू?" मी साडूंना नागपूरला नेलं. डॉक्टरांनी डोक्याला तारा लावल्या, कागदावर रेघा काढल्या आणि सांगितलं, मेंदूच्या एका कोपऱ्यात वीज चमकते, म्हणून जवळ कोणी आल्यासारखं वाटतं. रोज गोळी घेतली की थांबेल. साडूंनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "साहेब, याच्यात त्याहिचं तोंड कोनतं?" डॉक्टर हसले. मला हसू येईना, परतीची गाडी गाठायची होती.

गोळी लागू पडली. साडू पडेनात, आणि देव येईना. मेहुणीच्या अंगावर मूठभर मांस चढलं, साडूंच्या अंगावरचं तेवढंच उतरलं. एका दुपारी ओट्यावर ते म्हणाले, "लय सुनं वाटून राह्यलं, साडभाऊ. मायबाप गेले तवाही असं वाटलं नोतं."

मी म्हटलं, "एक दिवस चुकवा गोळी."

"मनात येते हो. पन त्याहिचं काय, ते समजून घेतीन. हिले कोन समजावीन?"

तेवढ्यात मेहुणी पाणी आणि गोळी घेऊन आली. साडूंनी गोळी गिळेपर्यंत ती घास घेत नसे. त्यांनी ती गिळली, तोंड उघडून तिला दाखवलं आणि म्हणाले, "गेली वं. जाय, जेव आता."