सुभद्राकाकूंची वीस तारीख

दार उघडंच होतं, तरी कडी वाजली. आमच्या लालबागच्या चाळीत उघड्या दाराची कडी वाजवणाऱ्या फक्त शेजारच्या सुभद्राकाकू. माझं पहिलं घावन तव्याला चिकटलेलं, नळाचं पाणी जायच्या बेतात, मुलाचा एक मोजा हरवलेला. काकू पेपर घेऊन थेट ओट्यापाशी आल्या.

"अनुजा, तारीख वाच गो. माझा चष्मा खोटं सांगतोय."

चष्मा खरं तेच सांगत होता. लोकसभेची निवडणूक जाहीर झाली होती आणि मुंबईचं मतदान वीस मेला होतं.

काकू खाली बसल्याच. एकोणीस मेच्या गाडीची तिकिटं जानेवारीतच काढलेली होती. चाळीतली अकरा बिऱ्हाडं त्यांच्याच गावची. दर मे महिन्यात त्यांच्या मंडळाची सत्यनारायणाची पूजा गावी असते, म्हणून सगळे एकाच गाडीने जातात. पूजेची तारीख ठरवणारा मंडळाचा चिटणीस म्हणजे काकूंचाच मुलगा, दीपक.

काकूंचं वय एकोणऐंशी. अठराव्या वर्षी लग्न करून मुंबईत आल्या आणि दहा बाय बाराच्या खोलीत गिरणीकामगारांची खाणावळ चालवली. बावीस माणसं, दोन पंगती. त्यातल्या निम्म्यांना गावाहून आलेलं पत्र वाचता येत नसे. जेवण झालं की काकूंचे यजमान गुणाजीकाका ती पत्रं वाचून दाखवत आणि काकू ताटं उचलता उचलता ऐकत. कुणाची गाय व्यायली, कुणाचं पोर गेलं. आज त्यांची नात श्रेया कॉम्प्युटर इंजिनियरिंगला आहे.

"देश पुढे जातो गो," त्या नेहमी म्हणतात. "मी भात वाढता वाढता बघितलाय." आजवर एकही मतदान त्यांनी चुकवलेलं नाही.

त्या संध्याकाळी गॅलरीत मंडळाची मीटिंग भरली. मीही भाजीची परात घेऊन तिथेच बसले. शेंगा सोलायला उजेड चांगला पडतो, आणि ऐकूही येतं. मत दिल्याशिवाय गाडीत बसणार नाही, असं काकूंनी आल्या आल्या जाहीर केलं.

"पूजा बदलता येणार नाही," दीपक म्हणाला. "भटजी, आचारी, मंडप, सगळं ठरलंय. एका मताने काय होतंय, आई?"

"मेल्या, बावीस माणसांक वाढलंय मी!" रागावल्या की काकू मालवणीत शिरतात. "परत्येक जण 'माका नको, बाकीचे जेवतीत' म्हणालो असतो, तर भात कोणी खाल्लो असतो?"

गॅलरी हसली. दीपकही हसला, पण मान हलवून.

श्रेया मोबाईलमधून वर बघत म्हणाली, "बाबा, नव्वद कोटींच्या वर मतदार आहेत या वेळी. जगात एवढी मोठी निवडणूक कधीच झाली नाही. आणि माझं पहिलं मत आहे. मी पण नाही येत."

"नव्वद कोटी आहेत ना? मग आपण अकरा घरं नसलो तर कुणाला कळणार?" मागून मंडळातलाच रघुवीर म्हणाला.

"मला कळेल," काकू म्हणाल्या. आता त्या शांत झाल्या होत्या. "गावच्या दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो. बाई अडली तर जीपमध्ये घालून घाट चढायचा. आधी पत्रं वाचणारी माणसं झाली, आता डॉक्टरही रोज येईल. पण मागायला आपण जागेवर नको?"

"मत कुणाला देणार, काकू?" रघुवीरने डोळा मारत विचारलं.

"ते मी आमच्या ह्यांनाही कधी सांगितलं नाही. तू कोण?"

मग मीच भीत भीत तोंड उघडलं. "पूजा एकवीसला संध्याकाळी आहे ना? वीसला मतं देऊन सातला इथून बस सोडली, तर सकाळी गावात."

"आणि मंडप? आचारी?"

"दत्ताराम काय गावात माशा मारतोय?" काकू म्हणाल्या. "चुलतभाऊ तुझा. लाव फोन."

दीपकने फोन लावला. दत्ताराम पलीकडून एवढ्या मोठ्याने "होय रे!" म्हणाला, की पुढे मतं मोजायची गरजच उरली नाही. तिकिटं रद्द, बस नक्की. रघुवीरला बसवाल्याकडे जायचं काम मिळालं, तोंड चालवल्याबद्दल.

"झालं मनासारखं?" दीपकने आईसमोर बसकण मारली. "वीसला सकाळी तुला मी स्वतः शाळेत नेतो. ओळखीचे आहेत तिथे. खुर्ची देतील, सरळ आत सोडतील. दोन मिनिटांत बाहेर."

काकूंनी माझ्या परातीतल्या चार शेंगा उचलल्या, एक सोलली आणि त्याच्याकडे बघितलं.

"एवढंच ऐक माझं. मला पुढे काढू नको. सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहू दे."