भोंगेकाकांचं तळघर

भोंगेकाका पहिल्या भेटीत दिसत नसत, आधी ऐकू येत. कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या कपबश्या थरथरल्या की समजायचं, काकांनी पाहुण्यांना "या, घाबरायला या!" अशी हाक दिली. त्या आवाजाने एका प्रोफेसरांची कवळी निसटून पडली होती, असं काका स्वतःच सांगत.

ते ज्या दगडी घरात गाईड होते, ते एका कापडव्यापाऱ्याचं. फार पूर्वी त्याचा मुलगा पळवला गेला, खंडणीचा निरोप आला. बापाने अख्खं शहर पालथं घातलं, आणि पोरगं सख्ख्या चुलत्याने त्याच घराच्या तळघरात कोंडलेलं! ते तळघर बघायला आता लोक तिकीट काढून येत.

काकांची पद्धत ठरलेली. पाहुण्यांना आत सोडायचं, आपण उंबऱ्याबाहेर थांबायचं आणि गरजायचं, "इथे कितीही बोंबला, वर मुंगीलासुद्धा ऐकू जात नाही!" मग दार क्षणभर लोटायचं. बायका किंचाळत, पुरुष उगाच खोकत. काकांनी मात्र तो उंबरा कधी ओलांडला नव्हता. कोणी विचारलंच तर म्हणत, "मला गुडघा आहे."

"गुडघा कसला?" काकू म्हणत. "झुरळ दिसलं की स्टुलावर चढताना कुठे जातो तो गुडघा?"

एके दिवशी काकांची सात वर्षांची नात टिकली आजोबांचं काम बघायला आली. संध्याकाळी शेवटचे पाहुणे तळघरातून बाहेर पडले. काकांनी नेहमीप्रमाणे आत न डोकावता कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि वर येऊन हाक मारली, "टिकले, चल!"

टिकली नव्हती.

वरच्या खोल्या झाल्या, पलंगाखाली झालं, अंगण झालं. रस्त्यावरून काळ्या काचांची एक गाडी गेली, तसे काका तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावले. चहावाल्याला फ्रॉकचा रंग सांगायला गेले, तर घशातून नुसती हवा. रोज दहा वेळा सांगितलेली गोष्ट अंगावर आली होती. आता निरोप येणार. कोणाचा? पोरीला कुठे ठेवलं असेल?

काकू धावत आल्या. "अहो, सगळीकडे बघितलंत?"

"सगळीकडे."

"आणि तळघर?"

"तिथे कशी असेल? कुलूप तर मीच लावलंय..."

त्या बापालाही असंच वाटलं असेल.

काका जिना उतरले. कुलपात किल्ली जाईना. दार उघडलं, समोर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. काका उंबऱ्याशी अडले. मग डोळे घट्ट मिटून आत शिरले, भिंत चाचपत गेले. कोपऱ्यात हाताला केस लागले. गार, घामेजलेले. टिकली गुडघ्यांना मिठी मारून बसली होती.

"अगं, ओरडली का नाहीस?"

"तुम्हीच सांगता ना आजोबा, ओरडलं तरी वर ऐकू जात नाही म्हणून."

ते वाक्य काकांच्या पदरचं होतं. तळघरात कोणी शिंकलं तरी तिकीटखिडकीपर्यंत ऐकू येई.

दुसऱ्या दिवसापासून काका त्या खिडकीत बसायला लागले. टिकली आता कॉलेजात जाते. अजून दिवा लावून झोपते.